ओझे किती, गाडी केवढी?

दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यानंतर या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत एक विचारणा वारंवार दिसते. शब्द निरनिराळे असले तरी आशय एकच आहे. पेढीच्या दारात बारा-पंधरा वर्षे उभी असलेली मोठी डिझेल गाडी आता विकून टाकावी आणि तिच्या जागी लहान, हलकी मालवाहू गाडी घ्यावी काय? घरातील तरुण मंडळी ‘घ्यावी’ म्हणतात, वडीलधारी मंडळी ‘मोठी गाडी असलेली बरी, केव्हा गरज पडेल सांगता येत नाही’ असे म्हणतात, आणि दोन्ही पक्षांकडे आपापल्या मतापुरते पुरावे असतात. नसतो तो फक्त हिशेब. या वेळी तोच हिशेब सविस्तर मांडू.

प्रथम थोडे मागे पाहणे आवश्यक आहे, कारण दारातील मोठी गाडी ही एका विशिष्ट काळाची गरज होती. सन १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने हलकी व्यापारी वाहने आपल्याकडे बनू लागली. डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान ही नावे त्या काळातील व्यापाऱ्यांना आजही आठवतील. त्यांच्या स्पर्धेत १९८६ साली टाटांची ४०७ आली आणि जिल्ह्याच्या बाजारपेठांत तिने असा जम बसविला की ‘चारशेसात’ हा आकडा न राहता गाडीचे नावच होऊन बसला. बँकेत आम्ही या गाड्यांची कर्जे मंजूर करीत होतो, तेव्हा अर्जदार व्यापाऱ्याचे गणित साधे असे. मोठा ट्रक परवडत नाही, बैलगाडी आणि हातगाडीवर भागत नाही, माल एकदम भरून आणला म्हणजे जकात नाक्यावरील रांग एकदाच लागते, आणि गोदाम भरलेले असले की भाववाढीचा लाभही मिळतो. त्या काळास ते गणित बरोबर होते.

पुढे दोन बदल झाले. सन २००५ मध्ये टाटा एस ही पाऊण टन भार वाहणारी, दोन सिलिंडरची छोटी गाडी आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले आणि गल्लीबोळांतील दुकानापर्यंत माल पोहोचविण्याचे काम तिने तीनचाकी रिक्षा-टेम्पोकडून पाहता पाहता आपल्याकडे घेतले. सन २०११ मध्ये सव्वा टनाची अशोक लेलँड दोस्त आली. एक ते दीड टन वाहणाऱ्या पिकअप गाड्या तर आता प्रत्येक तालुक्याच्या चौकात भाड्याने उभ्या असतात. दुसरा बदल व्यापाराच्या पद्धतीत झाला. जकात गेली, जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि किरकोळ दुकानदार महिन्याचा माल एकदम भरण्याऐवजी आठवड्यातून दोनदा थोडा थोडा मागवू लागला. म्हणजे फेऱ्या वाढल्या आणि फेरीमागचे ओझे घटले. परंतु दारातील गाडी मात्र जुन्या ओझ्याच्या मापाचीच राहिली. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

प्रथम वही, नंतर गाडी

माझ्या परिचयातील सांगलीच्या एका घाऊक किराणा पेढीचे उदाहरण घेऊ. अण्णा आणि त्यांचे धाकटे बंधू असा एकत्र व्यवहार. पुढच्या पिढीतील पुतण्या विक्री पाहतो आणि त्याची पत्नी, जी वाणिज्य पदवीधर आहे, हिशेब पाहते. २०१२ साली सात लाखांना घेतलेली, सव्वादोन टन भार वाहणारी डिझेल गाडी. मार्केट यार्डातून साखर, डाळी, तेलाचे डबे उचलायचे आणि मिरज, जयसिंगपूर, तासगाव या बाजूच्या दुकानांना पोहोचवायचे, असा तिचा दिनक्रम. पुतण्याचा आग्रह लहान गाडीचा आणि अण्णांचा विरोध. प्रकरण थोडे तापल्यावर दोघेही माझ्याकडे आले.

अण्णा म्हणाले, “साहेब, दारात मोठी गाडी आहे म्हणून बाजारात पत आहे. उद्या छोटा हत्ती उभा केला तर लोक म्हणतील, पेढी खाली आली.”

पुतण्या म्हणाला, “काका, पत वेळेवर माल पोहोचण्याने राहते. गणपती पेठेत आपली गाडी शिरत नाही म्हणून हमालाच्या डोक्यावरून पोती न्यावी लागतात, ते लोकांना दिसत नाही का?”

मी दोघांना एकच विचारले, “गाडी रोज किती वजन घेऊन निघते?” उत्तर कोणाकडेच नव्हते. दोघांच्या मनात आपापल्या सोयीचा एकेक दिवस होता. अण्णांच्या मनात गाडी काठोकाठ भरलेला दिवस आणि पुतण्याच्या मनात चार डबे घेऊन निघालेला दिवस. तेव्हा सूनबाईंनी तीन महिने एक साधी वही ठेवली. तारीख, निघताना वजन, किलोमीटर, डिझेल, परतीची वेळ असे पाच रकाने. बिलांवरून वजन काढणे अवघड नसते; साखरेचे पोते ५० किलोचे, तेलाचा डबा साधारण १५ किलोचा, हे सर्वांना ठाऊक असते.

तीन महिन्यांत गाडी ७५ दिवस निघाली. त्यांपैकी ५६ दिवस ओझे १,२०० किलोंच्या आत होते. १३ दिवस ते १,२०० ते २,००० किलोंच्या दरम्यान होते. केवळ ६ दिवस दोन टनांच्या वर गेले. म्हणजे चारांतील तीन दिवस ही गाडी अर्ध्या पोटी धावत होती, आणि महिन्यातील दोन दिवसांसाठी वर्षभर पोसली जात होती.

येथपर्यंत वाचून तरुण वाचक म्हणतील, ‘मग झाला निर्णय!’ तथापि निर्णय अद्याप झालेला नाही. खरा हिशेब आता सुरू होतो.

तीन पर्यायांचा ताळेबंद

गाडीचा खर्च म्हणजे डिझेल आणि दुरुस्ती, अशी सर्वसाधारण समजूत असते. बँकेच्या दृष्टीने आणखी दोन खर्च आहेत आणि ते बिलात दिसत नाहीत. गाडीची बाजारातील किंमत दरवर्षी घटते, तो एक. त्या गाडीत जी रक्कम अडकली आहे, ती पेढीच्या व्यवहारात असती तर कर्जावरचे तेवढे व्याज वाचले असते, तो दुसरा. या पेढीच्या कॅश क्रेडिटचा दर १० टक्के धरून, डिझेल ९० रुपये लिटर धरून आणि वर्षाला १८,००० किलोमीटर धरून आम्ही असा हिशेब मांडला. चालकाचा पगार सर्व पर्यायांत सारखाच असल्याने तो वगळला आहे.

पहिला पर्याय, जुनीच गाडी ठेवणे. लिटरमागे ९ किलोमीटर या त्यांच्याच नोंदीप्रमाणे :
डिझेल – १,८०,००० रुपये
दुरुस्ती व टायर – १,१०,००० रुपये
विमा, कर, पासिंग – ४०,००० रुपये
किमतीतील घट – ४०,००० रुपये
अडकलेल्या ३ लाखांवरील व्याज – ३०,००० रुपये
एकूण – ४,००,००० रुपये

दुसरा पर्याय, सव्वा टनाची नवी गाडी. खरेदीवरील जीएसटीचा परतावा वजा जाता ती ७,९०,००० रुपयांना पडते आणि पाच वर्षांनी ३,४०,००० रुपयांना विकली जाईल, असे धरले. मध्यम ओझ्याच्या वर्षातील ५२ दिवशी दुसरी फेरी करावी लागेल, म्हणून साधारण १,०४० किलोमीटर जास्त. जड ओझ्याच्या २४ दिवशी मोठी गाडी भाड्याने, दिवसाला ३,५०० रुपये; त्या दिवशीही लहान गाडी आपली नेहमीची फेरी करणारच. लिटरमागे १४ किलोमीटर धरून :
डिझेल – १,२२,४०० रुपये
दुरुस्ती व टायर – ४०,००० रुपये
विमा, कर, पासिंग – ४५,००० रुपये
किमतीतील घट – ९०,००० रुपये
व्याज – ५६,५०० रुपये
मोठ्या गाडीचे भाडे – ८४,००० रुपये
एकूण – ४,३७,९०० रुपये

तिसरा पर्याय, तीन वर्षे वापरलेली त्याच मापाची गाडी ४,५०,००० रुपयांना. पाच वर्षांनी २,००,००० रुपये येतील असे धरून :
डिझेल – १,२२,४०० रुपये
दुरुस्ती व टायर – ६०,००० रुपये
विमा, कर, पासिंग – ३८,००० रुपये
किमतीतील घट – ५०,००० रुपये
व्याज – ३२,५०० रुपये
मोठ्या गाडीचे भाडे – ८४,००० रुपये
एकूण – ३,८६,९०० रुपये

कागदाकडे पाहून अण्णांचा चेहरा खुलला आणि पुतण्याचा उतरला. डिझेलमध्ये वर्षाला ५७,६०० रुपये वाचूनही नवी लहान गाडी जुन्या मोठ्या गाडीपेक्षा ३७,९०० रुपयांनी महाग पडत होती. वापरलेली गाडी घेतली तरी बचत जेमतेम १३ हजारांची. केवळ डिझेलच्या बचतीकडे पाहून गाडी बदलणारे व्यापारी जेथे फसतात, ती हीच जागा.

परंतु या ताळेबंदात एक आकडा असा आहे की तो गाडीच्या मापावर अवलंबून नाही. तो म्हणजे भाड्याचे ८४,००० रुपये. सूनबाईंनी वहीतील जड ओझ्याचे सहा दिवस पुन्हा तपासले. त्यांतील तीन दिवशी यार्डातील एकाच अडत्याकडून साखर व डाळ पेढीच्या गोदामात आणली होती. अडत्याची स्वतःची गाडी त्या बाजूला रोज येत होती. ‘पोहोच माल’ अशा बोलीने भाव ठरविला असता तर पेढीला गाडी पाठविण्याचे कारणच नव्हते. पूर्वीपासून आपली गाडी आहे म्हणून आपण माल उचलतो, एवढेच. बोलणे झाले आणि अडत्याने क्विंटलमागील दरात फरक न करता माल पोहोचविण्याचे मान्य केले, कारण त्याची गाडी तशीही अर्धी रिकामी येत होती.

वर्षातील जड दिवस २४ वरून १२ वर आले. भाडे ४२,००० रुपये झाले. आता वापरलेल्या लहान गाडीचा वार्षिक खर्च ३,४४,९०० रुपये, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा ५५,१०० रुपयांनी कमी. नव्या गाडीचा ३,९५,९०० रुपये, म्हणजे जवळजवळ बरोबरीत. तात्पर्य असे की बचत गाडी लहान केल्याने झाली नाही. काम कसे होते हे नीट पाहिल्याने झाली; गाडीचे माप त्यामागून आले. आपल्या पेढीचे आकडे याहून भिन्न असतील आणि उत्तरही कदाचित उलटे येईल. ज्यांचा माल रोजच दोन टन निघतो, त्यांनी लहान गाडी घेऊन दोन-दोन फेऱ्या मारणे म्हणजे डिझेल आणि माणूस दोन्ही वाया घालविणे होय. उत्तर उसने घेऊ नये, पद्धत घ्यावी.

लहान गाडीत मोठे ओझे : सर्वांत मोठा धोका

लहान गाडी घेणाऱ्या दहांपैकी किती जण तिच्यात लहानच ओझे भरतात, हे कोणत्याही वजनकाट्यावर उभे राहून पाहावे. गाडी बदलते, भरण्याची सवय बदलत नाही. म्हणून आरसी बुकातील दोन आकडे घरातील प्रत्येकाला आणि चालकाला पाठ असावेत. एक गाडीचे भारासह एकूण वजन आणि दुसरा रिकाम्या गाडीचे वजन. दोहोंतील फरक म्हणजे कायद्याने वाहता येणारे ओझे, आणि त्यात चालक, हमाल व हौद्यावर वाढवून बसविलेल्या जाळ्या-फळ्यांचे वजनही धरावे लागते. सव्वा टन याचा अर्थ साखरेची २५ पोती. त्यातून दोन माणसे आणि जाळी वजा केली की हातात २० ते २२ राहतात.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो आणि त्याचा खर्चही गाडीवाल्याचाच. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. हलक्या गाडीचे ब्रेक, पाटे आणि टायर तिच्या मापाच्या ओझ्यासाठी बनविलेले असतात. पावसाळ्यात उतारावर दुप्पट ओझ्याची गाडी थांबली नाही, तर समोरचा माणूस कोण होता याचे उत्तर पेढीला जन्मभर द्यावे लागते. विम्याच्या दाव्यातही जादा भाराचा मुद्दा उपस्थित केला जातो. जड दिवसाला मोठी गाडी भाड्याने आणण्याचे पैसे ज्यांना जड वाटतात, त्यांनी लहान गाडी घेऊ नये, एवढे मी स्पष्ट सांगेन.

कायद्याच्या दोन सोयीही सांगितल्या पाहिजेत. ज्या मालवाहू गाडीचे भारासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नाही, तिला कलम ६६ नुसार परवाना, म्हणजे परमिट लागत नाही. सव्वा टनाच्या अनेक गाड्या या मर्यादेत बसतात. तथापि आरसीवरील आकडा पाहूनच खात्री करावी. पासिंग, विमा व कर यांतून मात्र सुटका नाही. चालकाच्या लायसन्सबाबत पूर्वी बराच वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो. म्हणजे घरातील मुलगा किंवा मुनीमही अडीअडचणीला गाडी नेऊ शकतो. विम्याविषयी मात्र एक गैरसमज दूर करतो. तृतीय पक्ष विम्याचा दर मालवाहू गाड्यांसाठी ७,५०० किलोंपर्यंत एकाच गटात असतो. त्यामुळे गाडी लहान केली की हा हप्ता कमी होईल, ही अपेक्षा ठेवू नये.

जुनी गाडी विकताना

बँकेच्या नोकरीत जी प्रकरणे वर्षानुवर्षे चिघळताना पाहिली, त्यांतील बरीच विकत घेण्याची नव्हती, विकण्याची होती. त्यासंबंधी चार गोष्टी.

पहिली, बोजा. कर्ज फेडले म्हणजे आरसीवरील बँकेचे नाव आपोआप जात नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयातून बोजा उतरवावा लागतो. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा गाडी विकण्याच्या दिवशी ध्यानात येतो, तोपर्यंत शाखेचे विलीनीकरण झालेले असते आणि जुनी कागदपत्रे शोधण्यात महिना जातो.

दुसरी, हस्तांतर. पैसे मिळाले, चावी दिली, नमुना २९ व ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, की गाडी विकली असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावे आहे तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार. गाडी तीन हातांत फिरली तरी हेच. तेव्हा विक्रीची खबर १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावी आणि नवीन मालकाच्या नावाची नोंद झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. उरलेले थोडे पैसे नाव बदलल्यावर घेण्यापेक्षा, नाव बदलेपर्यंत गाडीच ताब्यात ठेवणे अधिक शहाणपणाचे.

तिसरी, जीएसटी. नोंदणीकृत व्यापाऱ्याने व्यवसायातील जुनी गाडी विकली की करदेयता येते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. खरेदीच्या वेळी कराचा परतावा घेतलेला नसेल तर विक्रीची किंमत आणि आयकराच्या हिशेबाने घसारा जाऊन उरलेली किंमत यांच्या फरकावर कर लागतो. जानेवारी २०२५ पासून तो १८ टक्के आहे. फरक उणे असेल तर कर नाही. अण्णांच्या गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा जाऊन तेरा वर्षांनी सुमारे ८५,००० रुपये उरले होते. ३ लाखांना विकल्यास फरक २,१५,००० आणि कर ३८,७०० रुपये. ही रक्कम पाच वर्षांवर वाटली तर वर्षाला पावणेआठ हजार होते, आणि आपली ५५ हजारांची बचत ४७ हजारांवर येते. परतावा घेतलेला असेल तर नियम निराळा आहे. आपल्या कर सल्लागारास विक्रीपूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

चौथी, आयकर. पेढीच्या एकाच घसारा दराच्या मालमत्ता एका गटात धरल्या जातात आणि विक्रीची रक्कम त्या गटातून वजा होते. गट रिकामा झाला किंवा रक्कम गटाच्या शिल्लक किमतीपेक्षा अधिक आली, तर जादा रक्कम अल्प मुदतीचा भांडवली नफा ठरते. म्हणून शक्यतो विक्री आणि खरेदी एकाच आर्थिक वर्षात करावी. फेब्रुवारीत गाडी विकून एप्रिलमध्ये दुसरी घेतली, तर दोन महिन्यांच्या अंतरामुळे विनाकारण कर भरावा लागू शकतो. आणि विक्रीची रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्यावी. २ लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याचा प्रतिबंध आहे.

घेताना काय पाहावे

वापरलेली लहान गाडी घेताना रंग आणि सीट पाहू नये. गाडीखाली वाकून पाटे पाहावेत. पाटे सपाट झालेले किंवा जादा पाटा बसविलेला दिसला, तर आधीच्या मालकाने तिच्यावर दुप्पट ओझे लादले होते असे समजावे. पासिंगची तारीख, विमा, थकलेली ई-चलने आणि आरसीवरील बोजा या चार गोष्टी ऑनलाइन नोंदीवरून आधी तपासाव्यात. नवीन व्यापारी वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, हेही किंमत ठरविताना ध्यानात असावे.

इंधनाचाही विचार व्हावा. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. त्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते आणि साठलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, वेगाने धावावी लागते. ज्यांची गाडी दिवसभर पेठेतल्या पेठेत, दर पाच मिनिटांनी थांबत फिरते, त्यांच्या गाळण्या तुंबतात आणि गॅरेजचे बिल मोठे येते. अशांनी सीएनजी किंवा पेट्रोलचा पर्याय अवश्य पाहावा. मात्र सीएनजीच्या टाक्यांमुळे ओझ्याची मर्यादा थोडी घटते आणि पंपावरील रांगेचा वेळही हिशेबात धरावा लागतो. ज्यांना तालुक्याच्या गावांना रोज पन्नास-साठ किलोमीटर धावावे लागते, त्यांना डिझेल अजूनही सोयीचे.

कर्ज घ्यावयाचे असल्यास, जुन्या गाडीसाठी व्याजदर नव्या गाडीपेक्षा सामान्यतः अधिक आणि मुदत कमी असते. अण्णांच्या पेढीने जुन्या गाडीचे ३ लाख आणि पदरचे दीड लाख घालून गाडी घेतली, कर्ज काढले नाही. मला तो निर्णय आवडला. हप्ता नसलेली गाडी मंदीच्या महिन्यात दारात शांतपणे उभी राहू शकते. हप्त्याची गाडी उभी राहिली तरी खात असते.

चालकाला विचारले का?

या सर्व आकडेमोडीत एक माणूस नेहमी विसरला जातो. त्या पेढीचा चालक एकोणीस वर्षे नोकरीस होता. मोठी गाडी विकणार ही बातमी त्याच्या कानी उडत उडत गेली आणि दोन दिवस तो गप्प गप्प राहिला. त्याला वाटले, गाडी गेली की आपणही गेलो. अण्णांचा लहान गाडीला विरोध होता त्यामागे हे एक कारण होते, पण ते त्यांनी चर्चेत उच्चारले नव्हते. प्रतिष्ठेचे कारण सांगणे त्यांना सोपे वाटले. ते एकदा बोलले गेल्यावर घरातील वातावरण निवळले. चालकाला बोलावून विचारले तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, मला काय, उलट बरंच हाय. ह्या गाडीचं स्टेअरिंग ओढून खांदं भरून येत्यात. पन्नाशी उलटली आता.” त्यानेच पुढे कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी शिरावे म्हणजे दुसरी फेरी दुपारच्या आत संपेल, याचा आराखडा सांगितला. तो आराखडा ना पुतण्याकडे होता, ना माझ्याकडे.

व्यापारी कुटुंबांत अशा प्रश्नांना बहुधा दोन थर असतात. वरचा थर पैशाचा, तो वहीत उतरतो. खालचा थर माणसांचा. कोणाचे ऐकले गेले, कोणाला डावलले गेले, कोणाच्या कष्टाने ती गाडी आली होती. अण्णांच्या वडिलांनी हातगाडीवर व्यवसाय सुरू केला होता आणि ती पहिली मोठी गाडी दोघा भावांनी मिळून घेतली होती. ती विकण्याचा ठराव तरुणांनी एका संध्याकाळी मांडला, तर वडीलधाऱ्यांना तो आपल्या आयुष्यावरचा शेरा वाटतो. म्हणून प्रथम तीन महिने वही ठेवावी. त्या काळात कोणी कोणाला जिंकत नाही, सगळे मिळून आकडे पाहतात. आकडे हाती आल्यावर निर्णय ज्येष्ठांच्या तोंडून जाहीर व्हावा. या पेढीतही जुन्या गाडीचा सौदा अण्णांनीच ठरविला आणि बाजारभावापेक्षा दहा हजार जास्त मिळविले, ही त्यांची खासियत.

वाचकांनी आपल्या पेढीच्या गाडीसाठी पाच रकान्यांची वही येत्या एक तारखेपासून सुरू करावी. तीन महिन्यांनी जड, मध्यम आणि हलके दिवस वेगळे मोजावेत. प्रत्येक जड दिवसासमोर ‘हा माल आपणच का उचलला?’ एवढा एकच प्रश्न लिहावा. मोठी गाडी ठेवावी असे उत्तर आले तर ती निःशंक मनाने ठेवावी. लहान घ्यावी असे आले, तर आरसीवरील ओझ्याचा आकडा ठळक अक्षरांत लिहून चालकाच्या समोर, काचेच्या कोपऱ्यात लावून टाकावा.